‘म्युझिकमध्ये मास्टर्स’ म्हणजे नक्की कशात?

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जवळपास बोललो तसंच.)

आपल्याकडे एक प्रश्न दर थोड्या दिवसांनी येतो. शब्द बदलतात, प्रश्न तोच. “विशारद झालंय, इंजिनिअरिंग झालंय, तीन-चार वर्षं नोकरी झाली. आता बाहेर जाऊन म्युझिकमध्ये मास्टर्स करायचंय. कुठलं विद्यापीठ चांगलं?”

विद्यापीठाचं नंतर बघू. आधी ‘म्युझिकमध्ये’ या शब्दापाशीच थांबायला हवं, कारण तो ‘सायन्समध्ये मास्टर्स’ इतकाच मोघम आहे. कोणी म्हणालं, मला सायन्समध्ये मास्टर्स करायचंय, तर आपण लगेच विचारतो ना, फिजिक्स की बॉटनी? संगीताच्या बाबतीत मात्र आपण तो प्रश्न विचारत नाही. कारण आपल्या डोक्यात संगीत शिकणं म्हणजे गाणं किंवा वाजवणं शिकणं. तिकडे त्याच एका शब्दाखाली सात-आठ वेगळे विषय असतात. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, अर्जासोबत मागतात ते पुरावे वेगळे, फी कोण भरणार याचं उत्तर वेगळं, आणि शिकून बाहेर पडल्यावर करायचं काम तर पूर्णच वेगळं.

एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या एखाद्या म्युझिक स्कूलच्या ‘व्हॉइस परफॉर्मन्स’ला तुम्ही अर्ज केलात आणि सोबत यमनच्या बडा ख्यालाचं रेकॉर्डिंग जोडलंत. समितीने काय मागितलेलं असतं? साधारणपणे इटालियन, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी गाणी, एखादा ऑपेरातला आरिया. व्हायोलिन असेल तर बाखच्या एकल व्हायोलिन रचनांपैकी काही, पागानिनीचा एखादा कॅप्रिस, एखाद्या मोठ्या कंचेर्टोचा भाग. तिथे ‘परफॉर्मन्स’ या शब्दाचा अर्थ जवळजवळ सगळीकडे पाश्चात्त्य अभिजात संगीत, नाहीतर जॅझ. तुमचा यमन कितीही सुरेल असू दे, त्या समितीकडे तो मोजायची पट्टीच नाही. नकार येतो, आणि इकडे माणूस समजतो की आपलं गाणं कमी पडलं.

म्हणूनच हा भाग केला.

पदवीची अक्षरं नीट वाचा

अमेरिकेत साधारण असं आहे: एम.एम. किंवा एम.म्युझ., म्हणजे मास्टर ऑफ म्युझिक, ही करणाऱ्यांची पदवी. वादन, गायन, कंडक्टिंग, बऱ्याचदा कॉम्पोझिशनही. एम.ए. ही संगीताबद्दल अभ्यास करणाऱ्यांची. पुढे डॉक्टरेटलाही हाच फाटा राहतो: डी.एम.ए. करणाऱ्यांची, पीएच.डी. संशोधकांची. याला अपवाद पुष्कळ आहेत. ब्रिटनमध्ये तर एम.म्युझ. अभ्यासाचीही असू शकते. पण वाचायला सुरुवात इथूनच करा.

येल विद्यापीठात हे फार स्पष्ट दिसतं. तिथे ‘येल स्कूल ऑफ म्युझिक’ आहे आणि ‘डिपार्टमेंट ऑफ म्युझिक’ही आहे. नावं ऐकून वाटतं एकच असेल. तर नाही! स्कूल ऑफ म्युझिक वादक, गायक, कंडक्टर आणि कॉम्पोझर तयार करतं, तिथल्या पदव्या एम.एम., डी.एम.ए. वगैरे. डिपार्टमेंटमध्ये संगीताचा इतिहास, थिअरी आणि एथ्नोम्युझिकॉलॉजीची पीएच.डी. होते. एकच विद्यापीठ, पण दारं दोन, प्रवेश समित्याही दोन.

एक ओवी घेऊन बघू

आता हे विषय एकमेकांपासून वेगळे कसे, ते सांगायला मी आपल्या घरातलंच उदाहरण घेतो: जात्यावरची ओवी.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या आहेत त्या संग्रहात. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे त्यात आले. संगणक आणि संगीतशास्त्र या दोन्हीत काम केलेला फ्रेंच माणूस. शंभर तासांहून जास्त ध्वनिमुद्रण झालं, डेटाबेस उभा राहिला. आज हा संग्रह ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतो. ऐकला नसेल तर ऐकाच. हा भाग अर्ध्यात सोडून गेलात तरी चालेल.

आता समजा तुमच्यासमोर अशा एका ओवीचं रेकॉर्डिंग आहे. तुम्हाला त्याचं काय करावंसं वाटतं?

ती गाणारी बाई कोण, कुठल्या गावची, दळताना कोणासोबत बसायची, गिरणी आल्यावर तिच्या गाण्याचं काय झालं, हे प्रश्न पडत असतील तर तुम्ही एथ्नोम्युझिकॉलॉजीवाले आहात. जात्याच्या फिरण्याचा आणि ओवीच्या लयीचा संबंध काय, चार चरणांत स्वर कुठे विसावतो, हे कागदावर मांडावंसं वाटत असेल तर थिअरी. शंभर वर्षांपूर्वीच्या छापील पुस्तकांत ओव्या कोणी छापल्या, छापताना काय गाळलं, याच्या मागे लागायचं असेल तर ऐतिहासिक म्युझिकॉलॉजी. त्या घरघरीवरून वाद्यवृंदासाठी काही नवं लिहावंसं वाटत असेल तर कॉम्पोझिशन. आणि जात्याचा आवाज वेगळा काढून फक्त गळा कसा मिळवू, एक लाख ओव्यांतून एकाच चालीच्या कशा शोधू, असं मनात आलं असेल तर म्युझिक टेक्नॉलॉजी. आपल्यासारख्या बी.टेक.वाल्यांच्या मनात बहुधा हेच आधी येतं.

रेकॉर्डिंग एकच आहे. तुमचा प्रश्न कुठला, त्यावर तुमचा विभाग ठरतो.

म्युझिकॉलॉजी आणि तिची बहीण

१८८५ साली ऑस्ट्रियातल्या गुइडो आडलर यांनी संगीताच्या अभ्यासाचे दोन भाग पाडले, ऐतिहासिक आणि पद्धतशीर. आजच्या विभागांची रचना पाहिली तर ती विभागणी अजून दिसते. ऐतिहासिकमध्ये हस्तलिखितं, पत्रव्यवहार, छापील स्वरलिपी, जुन्या तबकड्या. पीएच.डी.ला जर्मन-फ्रेंच वाचता येणं बऱ्याच ठिकाणी मागतात, कारण साहित्य त्या भाषांत आहे. पण विषय युरोपचाच हवा असं आता राहिलेलं नाही. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं. पुढे तीन मिनिटांच्या तबकडीत ख्याल बसवायचा म्हणजे काय काय सोडावं लागलं, हा अस्सल म्युझिकॉलॉजीचा प्रश्न आहे. १८८० च्या ‘शाकुंतल’पासूनचं नाट्यसंगीतही तसंच.

एथ्नोम्युझिकॉलॉजी हा शब्द डच अभ्यासक याप कुन्स्ट यांनी १९५० मध्ये रूढ केला. पुढे यूसीएलएच्या मँटल हूड यांनी आग्रह धरला की ज्या संगीताबद्दल लिहायचं ते स्वतः शिकायला हवं. १९६० मध्ये त्यांनी याला ‘द्विसंगीतता’ अशा अर्थाचं नाव दिलं, द्विभाषिक असतो ना माणूस, तसं. आपल्या विशारदवाल्यांसाठी हे महत्त्वाचं आहे. तुमचं दहा-बारा वर्षांचं शिक्षण परफॉर्मन्सच्या समितीला कळणार नाही, इथे मात्र ते मोठं भांडवल आहे. कनेटिकटच्या वेस्लियन विद्यापीठात कर्नाटक संगीत १९६० च्या दशकापासून शिकवलं जातं आणि तिथेच एथ्नोम्युझिकॉलॉजीची पीएच.डी. आहे. लंडनला सोआस आहे.

पण भांडवल असलं तरी अर्जात मागतात ते लेखन. वीस-पंचवीस पानांचा निबंध, स्वतःचा युक्तिवाद असलेला. इथे आपली मुलं अडतात. गाणं तयार असतं, पण संगीताबद्दल सलग दहा पानं कधी लिहिलेलीच नसतात. विषय मराठी असला तरी चालतो का? चालतो! ॲना शुल्ट्झ या अमेरिकन अभ्यासिकेचं २०१३ चं अख्खं पुस्तक आपल्या राष्ट्रीय कीर्तनावर आहे. बाहेरून येऊन, मराठी शिकून लिहिलंय. ज्याने लहानपणी देवळात बसून कीर्तन ऐकलंय त्याने ‘माझ्याकडे विषय नाही’ म्हणू नये, असं मला वाटतं.

आणि आपल्याकडे ही परंपरा नाही असंही नाही. डॉ. अशोक दा. रानडे १९६८ पासून मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक होते, आणि लोकसंगीत, नाट्यसंगीत, चित्रपटसंगीत या सगळ्यांकडे त्यांनी अभ्यासाचा विषय म्हणून पाहिलं. अर्ज लिहिण्याआधी रानडे वाचा, एवढंच सांगतो.

‘थिअरी’ हा फसवा शब्द

विशारदच्या ‘थिअरी’च्या पेपरला आपण काय लिहितो? रागांची माहिती, ताललिपी, गायकांची चरित्रं, व्याख्या. तिकडे ‘म्युझिक थिअरी’ म्हणजे हार्मनी, काउंटरपॉइंट, चार आवाजांसाठी लेखन, शेंकरच्या पद्धतीने विश्लेषण. नाव सारखं, विषय वेगळा. आणि याचा फटका थिअरी न घेणाऱ्यांनाही बसतो, कारण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मास्टर्सला आल्या-आल्या थिअरी आणि इतिहासाची चाचणी घेतात. त्यात कमी पडलात तर उजळणीचे कोर्स करावे लागतात, ज्यांचं क्रेडिट सहसा पदवीत धरत नाहीत. फी मात्र भरायची. त्यामुळे जायच्या आधी वर्षभर पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन आणि प्राथमिक हार्मनी शिकून घ्या. पियानो नसेल तर साधा कीबोर्ड चालेल.

हा अभ्यासक्रम इतका जर्मन संगीतकारांभोवती का फिरतो, यावर त्यांच्याकडेही भांडण आहे. फिलिप युएल यांनी २०१९ मध्ये थिअरीवाल्यांच्या वार्षिक परिषदेत हा प्रश्न मांडला आणि पुढची दोन-तीन वर्षं मोठा वाद झाला. काही विभाग बदलतायत. पण तुमच्या विभागाची चाचणी बदलली आहे का, हे त्यांनाच विचारावं लागेल.

टेक्नॉलॉजी: आपला अड्डा

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

१९५७ मध्ये बेल लॅब्जच्या मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून सूर वाजवून घेतले, सतरा सेकंदांचा तुकडा. ते इंजिनिअर. पण दहा वर्षांनी स्टॅनफर्डमध्ये एफएम सिंथेसिस शोधणारे जॉन चाउनिंग इंजिनिअर नव्हते, कॉम्पोझर होते, कॉम्पोझिशनमधली डॉक्टरेट केलेले. कानाने प्रयोग करता करता त्यांना ते सापडलं. स्टॅनफर्डने ते यामाहाला दिलं आणि १९८३ मध्ये डीएक्स-सेव्हन हा कीबोर्ड आला. ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांतला तो काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो आठवतोय? तोच.

हे सांगतोय अशासाठी की या शाखेत कोड येणं पुरेसं आहे असा आपला समज असतो. स्टॅनफर्डचं कार्मा हे केंद्र १९७५ चं आहे, पण ते संगीत विभागात आहे, तिथली मास्टर्स पदवीसुद्धा एम.ए. आहे. जॉर्जिया टेकमध्ये म्युझिक टेक्नॉलॉजीत एम.एस. आहे, दोन वर्षांचं. लंडनला क्वीन मेरी, बार्सिलोनाला पोम्पेउ फाब्रा, दोन्हीकडे ‘साउंड अँड म्युझिक कम्प्युटिंग’. ही नावं जवळजवळ सारखी वाटतात, पण अर्जात एक ठिकाणी तुमचं संगीत जास्त बघतात, दुसरीकडे तुमचं सिग्नल प्रोसेसिंग. वेबसाइटवर प्राध्यापकांचे पेपर उघडून बघा, अर्ध्या तासात कळतं.

बार्सिलोनाची एक गोष्ट तर खास आपली आहे. २०११ मध्ये शावियर सेरा यांनी ‘कॉम्पम्युझिक’ हा प्रकल्प सुरू केला, युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या पैशांवर. हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की मकाम, अरब-अंदालुसी आणि बीजिंग ऑपेरा अशा पाच परंपरा. अडचण काय आली बघा. पाश्चात्त्य गाण्याची पट्टी ओळखणारे प्रोग्रॅम बारा ठरलेल्या स्वरांवर चालतात. आपल्याकडे सा कुठेही असतो: काळी एक, पांढरी पाच, किंवा मधेच कुठेतरी. मग आधी तानपुऱ्याच्या आधाराने गायकाचा सा शोधायचा, त्याच्या तुलनेत बाकी स्वर मोजायचे, आणि तेही बारा खणांत न कोंबता, कारण मींड आणि आंदोलन त्या खणांच्या मधल्या जागेत राहतात. दरबारीचा गंधार बाराच्या खणात टाकलात तर दरबारी उरतच नाही. हे ज्याला गाऊन माहीत आहे तो या लॅबमध्ये उपयोगी पडतो.

या प्रकारचं काम करायला देश सोडायलाच हवा असंही नाही. आयआयटी मुंबईत प्रा. प्रीती राव यांचं हिंदुस्थानी संगीताच्या विश्लेषणावर बरंच काम आहे, आणि त्यांचा विभाग इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग. म्हणजे संगीताचं संशोधन नेहमी संगीत विभागातच सापडेल असं नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये तबला-मृदंगाच्या शाईमुळे सुरेल उपस्वर कसे मिळतात ते मांडलं, ते भौतिकशास्त्रच होतं. त्याआधी १९१० साली सांगलीच्या कृ. ब. देवलांनी बावीस श्रुतींच्या मोजमापावर पुस्तक काढलं, आणि ते होते निवृत्त डेप्युटी कलेक्टर.

बाकीचे भरभर

कॉम्पोझिशनला पोर्टफोलिओ मागतात: दोन-चार रचनांची स्वरलिपी आणि शक्यतो खऱ्या वादकांनी वाजवलेलं रेकॉर्डिंग. चित्रपटासाठी पार्श्वसंगीत ही वेगळी शाखा आहे. बर्कलीच्या स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया कॅम्पसला तिचा एक वर्षाचा मास्टर्स आहे. कंडक्टिंगला वाद्यवृंदासमोर उभं असलेलं तुमचं व्हिडिओ रेकॉर्डिंग लागतं, आणि आपल्याकडे ते मिळवणं हीच खरी अडचण. झुबिन मेहतांनाही १९५४ मध्ये मुंबईहून व्हिएन्नाला जावं लागलं होतं.

म्युझिक थेरपीबद्दल मात्र सावध करतो. ‘अमुक राग ऐका, बीपी उतरेल’ या व्हॉट्सॲपी फॉरवर्डशी तिचा संबंध नाही. अमेरिकेत हा वैद्यकीय क्षेत्राला लागून असलेला व्यवसाय आहे: मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, किमान १२०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, मग बोर्डाची परीक्षा. मानसशास्त्र आणि शरीरशास्त्राचे विषय आधी झालेले लागतात. गिटार, पियानो आणि गळा तिन्ही कामचलाऊ यावे लागतात.

ज्यांना हिंदुस्थानीच गायचं-वाजवायचं आहे त्यांच्यासाठी बाहेर मोजक्या जागा आहेत. कॅलिफोर्नियातलं कॅलआर्ट्स, आणि रॉटरडॅमचं कोडार्ट्स, जिथल्या भारतीय विभागाची धुरा पं. हरिप्रसाद चौरसियांनी सांभाळली. पण खरं विचाराल तर गाणं शिकायला गुरूजवळ राहायचं सोडून दूर का जायचं, याचं उत्तर आधी स्वतःशी पक्कं करा. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरुकुल पद्धतीने एम.ए. होतं. कुठल्याही शाखेची पदवी आणि सोबत विशारद यावर एम.ए.ला घेणारी विद्यापीठंही आपल्याकडे आहेत. कॉलेजात शिकवायचं असेल तर पुढे नेट असते, संगीताची वेगळी. एक लक्षात घ्या: गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद किंवा अलंकार ही परीक्षा आहे. परदेशी विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये ‘बॅचलर्स’च्या रकान्यात तुमची बी.ई.च जाणार, विशारद खाली संगीत शिक्षणात.

पैसे

संशोधनाची पीएच.डी. असेल तर चांगल्या अमेरिकन विद्यापीठांत फी माफ होते, वर विद्यावेतन मिळतं, बदल्यात शिकवावं लागतं. मास्टर्सचं तसं नाही, तिथे बहुतेकांना पदरचे घालावे लागतात. विचित्र गोष्ट अशी की एथ्नोम्युझिकॉलॉजीत बऱ्याचदा थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो आणि वाटेत एम.ए. मिळते. म्हणजे ज्याने जास्त वर्षांचा अर्ज केला त्याचा खर्च कमी! परफॉर्मन्समध्ये येल स्कूल ऑफ म्युझिक आणि फिलाडेल्फियाचं कर्टिस शिकवणी फी घेत नाहीत, पण तिथल्या जागा बोटावर मोजण्याइतक्या. जर्मनीत सरकारी संगीत विद्यापीठांना बहुतेक ठिकाणी फी नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत, आणि स्टुटगार्ट, फ्रायबुर्ग, कार्ल्सरूह ही तिथलीच.

कर्ज काढून अमेरिकेला जाणार असाल तर अर्ज भरण्याआधी विभागाला एक ईमेल करा आणि त्यांच्या पदवीचा सीआयपी कोड विचारा. पदवीनंतर कामाची परवानगी साधारण बारा महिन्यांची असते. कोड स्टेमच्या यादीत असेल तर आणखी चोवीस महिने मिळू शकतात. एकाच नावाचे दोन अभ्यासक्रम दोन विद्यापीठांत वेगळ्या कोडखाली असू शकतात. कर्जाचा हप्ता एका वर्षात फेडायला बसायचं की तीन वर्षांत, हे त्या सहा आकड्यांवर ठरतं, आणि ब्रोशरमध्ये ते छापलेले असतीलच असं नाही. नियम बदलत राहतात, तेव्हा ज्या वर्षी अर्ज त्या वर्षीचं बघा.

तारखांचं एवढंच: बऱ्याच ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीला अर्ज बंद होतात, परफॉर्मन्सची प्राथमिक रेकॉर्डिंगंही त्याच सुमारास लागतात, आणि निवड झाली तर जानेवारी-फेब्रुवारीत ऑडिशन. निबंध लिहायचा असेल तर गणपतीपर्यंत पहिला खर्डा तयार ठेवा. कोणाला आपला खर्डा दाखवायचा असेल तर कुठल्या विभागासाठी आहे ते ईमेलच्या विषयात लिहून पाठवा, मी आणि आपले दोन-तीन श्रोते मिळून वाचू.